प्लॉटिंगच्या रस्त्यावरचा भार काढताना या चुका टाळा

गेल्या आठवड्यात पुन्हा एक अंदाजपत्रक तपासायला आलं. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचं प्लॉटिंग, साडेपाच मीटरचा अंतर्गत रस्ता, आणि वाहतुकीच्या रकान्यात एवढीच ओळ: ‘सध्याची जड वाहने – निरंक. वार्षिक वाढ – ५ टक्के.’ शून्यावर पाच टक्के वाढ धरली तर पंधरा वर्षांनीसुद्धा शून्यच राहतं, हे चौथीतलं गणित. तरी खाली सही होती, गोल शिक्का होता आणि ‘तपासले’ असा शेराही होता.

अशी कागदपत्रं महिन्याला दोन तरी येतात. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठलाही सडा घ्या, चुका त्याच. म्हणून एकदा लिहून टाकतो.

गाड्यांची डोकी मोजणे

“दिवसाला दोनशे गाड्या जातात साहेब, रस्ता जाड करा.” दोनशेतल्या दीडशे स्कूटी आणि पन्नास मोटारी असतील, तर रस्त्याच्या जाडीला त्यांचं काहीही देणंघेणं नाही. पीसीयूचा, म्हणजे सगळ्या गाड्या मोटारींच्या हिशेबात मांडायचा आकडा, रस्त्याच्या रुंदीसाठी असतो. जाडीसाठी आसाचं (अ‍ॅक्सलचं) वजन लागतं, आणि आयआरसी ३७ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या संहितेत, तीन टनांच्या वरचीच वाहनं धरतात.

कारण साधं आहे. रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या चाचणी-रस्त्यांवर ट्रक फिरवून हे नातं काढलं गेलं आणि आजही आपण त्यावरच चालतो. मागच्या, चार टायरच्या आसावरचं वजन ८० किलोन्यूटनने भागायचं, पुढच्या दोन टायरच्या आसावरचं ६५ ने, आणि दोन्हींचा चौथा घात घेऊन बेरीज करायची. येतो तो आकडा ‘स्टँडर्ड अ‍ॅक्सल’चा, म्हणजे प्रमाण आसाच्या किती फेऱ्यांएवढं नुकसान झालं ते. दोन आसांच्या ट्रकला पूर्वी १६.२ टनांची मर्यादा होती, जुलै २०१८ मध्ये ती १८.५ टन झाली. वजन वाढलं १४ टक्के. नुकसान बघा: १६.२ टनांना सुमारे ३.१ स्टँडर्ड अ‍ॅक्सल, १८.५ टनांना ५.२. म्हणजे दोनतृतीयांश जास्त. तोच ट्रक २२ टनांवर गेला, मागच्या आसावर साडेचौदा टन आले, की आकडा साडेअकरापर्यंत जातो. आणि दीड टनाच्या आतली मोटार? कायदेशीर भरलेल्या एका ट्रकची बरोबरी करायला तशा पंधरा हजारांहून जास्त मोटारी लागतील. तेव्हा स्कूटी मोजायला पोरगा बसवू नका. त्याला घरी जाऊ द्या.

घरं बांधणारे ट्रक विसरणे

ही माझी खास नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. गुहागर तालुक्यात एका सड्यावर ६४ प्लॉट पाडलेले. मालकाला दिवाळीआधी डांबर हवं होतं. काळा कुळकुळीत रस्ता दिसला की गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत निम्मा सौदा होतो, असं त्याचं म्हणणं. मी ऑगस्टमध्ये जागा बघितली आणि टेबलावर बसून हिशेब केला. कचऱ्याचा टेम्पो, पाण्याचा टँकर, शाळेची बस, मिळून रोजची ३ जड वाहनं. व्हीडीएफ, म्हणजे एका जड वाहनामागे सरासरी किती स्टँडर्ड अ‍ॅक्सल, तो डोंगराळ भाग म्हणून ०.६. दोन्ही दिशांना निम्मी-निम्मी वाहतूक. दहा वर्षं, ५ टक्के वाढ, म्हणजे गुणक १२.५८. ३ × ३६५ × १२.५८ × ०.६ × ०.५. उत्तर आलं सुमारे ४,१०० स्टँडर्ड अ‍ॅक्सल. एवढ्याशा गुणाकारात किती चुका मावतात ते पुढे येईलच. त्या आकड्याला पुरेल एवढं खडीकरण, वर २० मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे डांबरी खडीचा पातळ थर, आणि त्यावर पाणी अडवणारा सीलकोट. फीही मिळाली.

दुसऱ्या मे महिन्यात फोन आला, “रस्ता बसला.”

गेलो तर गेटमधून आत शिरताना डाव्या हाताला, चाकांच्या रेषेत, दोन लांबच लांब चाकोऱ्या. गवंड्याकडची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून खाली फुटपट्टी सरकवली: ४५ मिलिमीटर. आयआरसीच्या लेखी २० मिलिमीटरची चाकोरी म्हणजेच रस्ता निकामी. पहिला विचार आला तो ठेकेदाराने डांबर खाल्ल्याचा, जो आपल्या सगळ्यांनाच आधी येतो. पण उजवी बाजू, गेटबाहेर जाणारी, अगदी रांगोळी काढावी अशी सपाट होती. तीच खडी, तेच डांबर, तोच ठेकेदार, तोच पाऊस. ठेकेदाराने फक्त डाव्या बाजूचं डांबर खाल्लं असं कसं म्हणणार?

उत्तर वॉचमनच्या केबिनमध्ये होतं. खिळ्याला अडकवलेली दोनशे पानी वही. तारीख, गाडी नंबर, माल. पान उलटलं की रांगच रांग: चिरा (जांभ्याचा दगड), चिरा, खडी, वाळू, चिरा, सिमेंट, चिरा. काही ओळींपुढे लाल पेनाने फुली.

“काका, ही फुली कसली?”

“मागची टायरं बसलेली दिसली की फुली मारतो. तुम्ही गाड्या मोजलात साहेब, पण भरलेल्या कुठच्या नि रिकाम्या कुठच्या, ते मी लिहितो.”

मोरीच्या कठड्यावर बसून बेरीज केली. दोन हंगामांत १९ घरं आणि भरलेल्या गाड्या १,१४०. घरटी ६०. कोकणात घराच्या आधी गडगा, म्हणजे दगडी कुंपण येतं, मग विहीर नाहीतर बोअर, मग चिऱ्याचं बांधकाम, स्लॅबची खडी-वाळू, शेवटी अंगणातल्या फरश्या. या सगळ्या गाड्या भरून आत येतात आणि रिकाम्या बाहेर जातात, म्हणजे सगळं ओझं एकाच बाजूला. १,१४० गुणिले ५.२ म्हणजे सुमारे ५,९००. दहा वर्षांसाठी मी ४,१०० धरले होते. ते दोन हंगामांत संपले, तेही प्रत्येक ट्रक कायद्यात भरलाय असं समजून. फुल्यांचा हिशेब मी केलाच नाही. गरज उरली नव्हती. सगळी ६४ घरं झाली असती तर निव्वळ बांधकामाचेच २०,००० झाले असते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. नवीन वसाहतीचा भार काढताना पहिली ओळ बांधकामाची: प्लॉट गुणिले ६०, गुणिले भरलेल्या ट्रकचा आकडा, आणि दोन दिशांत निम्मं-निम्मं करायचं नाही. ६० हा माझ्या वहीतला आकडा आहे, संहितेतला नव्हे. तुमच्याकडे बंगले मोठे असतील, आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) मिक्सर येत असतील, तर शेजारच्या प्लॉटिंगवर जा आणि गेटवरची वही मागा. वॉचमनला चहा पाजा. ही वही कुठल्याही सर्व्हेपेक्षा खरी असते, कारण ती डिझाइनसाठी लिहिलेली नसते.

दुसरं, शेवटचं डांबर आधी घालायचं नाही. जाड खडीकरण नीट दाबून घ्या, वर साधा सील मारा, आणि निम्म्याहून जास्त घरं उभी राहिली की मग कार्पेट. मालक कुरकुरतो. त्या गुहागरच्या मालकानेही डावी बाजू उकरून पुन्हा करताना हेच ऐकवलं, की खडीचा रस्ता बघून गिऱ्हाईक परत जातं. जाऊ दे. चाकोरी बघूनही जातंच.

‘कोकण म्हणजे डोंगर’ म्हणून व्हीडीएफ ०.६

आयआरसी ३७ च्या २०१८ च्या आवृत्तीत तक्ता आहे. दिवसाला १५० पर्यंत जड वाहनं असतील तर डोंगराळ भागात ०.६, सपाट आणि चढउताराच्या भागात १.७. नवशिके लगेच ०.६ उचलतात, खर्च कमी दिसतो. पण तो तक्ता प्रत्यक्ष आसाचं वजन मोजलेलं नसेल तेव्हाचा आहे, आणि त्यात रिकाम्या-भरलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी आहे. तीन किलोमीटरवरच्या खाणीतून सड्यावर येणाऱ्या चिऱ्याच्या ट्रकला कुठला घाट लागतो? तो काठोकाठ भरूनच येतो.

मी वजनकाट्याच्या पावत्या गोळा करतो. दहा मिळाल्या तरी चालतात. जमलं तर चालकाला विनंती करायची: आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या आसाचं वजन हातात. पाच मिनिटांचं काम आहे. आणि पावसात भिजलेला चिरा पाणी पितो, हे चालकाला माहीत असतं, आपल्याला नसतं.

गणना चुकीच्या महिन्यात

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात रस्त्याकडेला छत्री घेऊन पोरगा बसवला तर त्याला काय दिसणार? खाणीत पाणी, बांधकामं बंद, सड्यावर धुकं. दिवसभरात एसटी, दुधाचा टेम्पो आणि वाट चुकलेला पर्यटक. हा आकडा वर्षभराचा म्हणून लावतात.

उलट टोक म्हणजे गणपतीतली गणना. रस्ता तुडुंब, आकडा भरघोस, पण सगळ्या मोटारी. मुंबई–गोवा महामार्गावर त्या दिवसांत अवजड वाहनांना बंदीच घातलेली असते. म्हणजे गर्दी वर्षातली सर्वांत जास्त आणि रस्त्याच्या जाडीच्या दृष्टीने दिवस सर्वांत हलके. वाहतूक गणनेची संहिता, आयआरसी ९, सांगते की सलग सात दिवस, चोवीस तास मोजा, वर्षातून दोनदा, एकदा भर हंगामात आणि एकदा मंदीत. एवढा वेळ कुणाला नसतो, मान्य. मग निदान जानेवारी ते मेमधला एक आठवडा तरी मोजा.

त्यातही एप्रिल-मे बघाच, कारण टँकर. सड्यावरच्या विहिरी आटल्या की दहा हजार लिटरचे टँकर सुरू होतात. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन नुसतं पाणी. गाडीसकट सोळा टनांच्या आसपास, म्हणजे फेरीला ३ स्टँडर्ड अ‍ॅक्सल. रोज चार टँकर, साठ दिवस: वर्षाला ७२०. दहा वर्षांत ७,२००. कचऱ्याच्या टेम्पोचा हिशेब दशांशापर्यंत करणारे लोक ही ओळ लिहीतच नाहीत. पुण्या-मुंबईच्या लोकांची सेकंड होम असतील तर आणखी विचारा की किती जणांना पोहण्याचा तलाव हवाय. घरं दहा महिने कुलूपबंद, पण मे महिन्यात तलाव भरायचाच असतो.

बाकीच्या, एकेका ओळीत

साडेपाच मीटरच्या रस्त्याला दोन्ही दिशांच्या वाहतुकीच्या ७५ टक्के धरायचे, ५० नव्हे. ५० टक्के दुपदरी रस्त्याला. एकपदरी रस्त्यावर तर सगळीच धरायची, कारण सगळ्यांची चाकं त्याच रेषेत जातात.

दोन दिशांचं ओझं वेगळं असेल तर जड बाजूवरून डिझाइन करा. सरासरी काढून कुणाचंच भलं होत नाही.

पाच टक्के चक्रवाढ जुन्या, वाहत्या रस्त्याला ठीक. नवीन वसाहतीत वाढ पायऱ्यांनी होते: आधी ट्रक, मग शांतता, मग माणसं. वर्षवार तक्ता करा, पंधरा ओळींचा तर असतो.

बोअरची गाडी आणि तिच्यामागची कॉम्प्रेसरची गाडी धरा. मैला उपसणारी गाडीही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती एक्सेल शीट उडवा. तिच्यात महामार्गाचा ५.० व्हीडीएफ आधीच भरलेला आहे आणि तो सेल लॉक केलेला आहे. कुणीतरी त्यावर गावातल्या पाखाडीशेजारचा, म्हणजे दगडी पायवाटेशेजारचा, रस्ता डिझाइन करून आणला होता. जाडी बघून मला वाटलं विमान उतरवायचंय.

नकाशा बघा. वसाहतीचा रस्ता दोन्ही टोकांना उघडा असेल तर तो कधी ना कधी आडवाट होणार. पुढे दगडखाण असेल तर उद्याच. गेट बसणार आहे का, हे मालकाकडून लेखी घ्या.

२०,००० म्हणजे ०.०२ एमएसए (दशलक्ष स्टँडर्ड अ‍ॅक्सल). दशांशचिन्हावर बोट ठेवून वाचा. मी हसत नाही, दोनदा पाहिलंय.

ते ‘निरंक’वालं अंदाजपत्रक परत पाठवलं. लाल शाईने शेरा मारला: शेजारच्या प्लॉटिंगच्या गेटवरची वही जोडावी.