शोधनिबंधासाठी विमानविषयक पुस्तक कसं निवडावं

ग्रंथालयात विमानांच्या कप्प्यासमोर उभं राहिलं की हात आपसूक सगळ्यात जाडजूड, गुळगुळीत कागदाच्या पुस्तकाकडे जातो. माझाही गेला होता. घरी आणून वाचायला बसलो तेव्हा कळलं, की फोटो एकाहून एक सरस आहेत, पण निबंधात उतरवून घ्यावं असं एक वाक्य सापडायला मारामार. पुस्तक वाईट नव्हतं, माझ्या कामाचं नव्हतं.

म्हणून कप्प्याकडे जायच्या आधी कागदावर एक प्रश्न लिहा. ‘विमानं’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘प्रवासी विमानांचा इतिहास’ हेही पाच-सहा हजार शब्दांत मावणारं नाही. त्याऐवजी असं काहीतरी: स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमान अपघातानंतर कॉकपिटमधल्या वरिष्ठ-कनिष्ठ नात्यात काय बदललं? तिथे 27 मार्च 1977 रोजी धुक्यात दोन बोइंग 747 धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. दोन्ही विमानं ठणठणीत होती. उड्डाणासाठी धावणाऱ्या डच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, अशी शंका काढली. कॅप्टनने ती उडवून लावली. आता हा प्रश्न हातात असेल तर 747 च्या इंजिनांवरचं उत्तम पुस्तकही तुमच्या उपयोगाचं नाही. तुम्हाला वैमानिकांचं प्रशिक्षण, संवाद आणि मानवी चुका यांवरचं पुस्तक हवं. त्याच्या मुखपृष्ठावर विमान असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, ही पुस्तकं एका जागी नसतात. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार आकड्यांनी, लावलेल्या ग्रंथालयात विमानाचं तंत्र 629.13 पाशी मिळेल, विमान वाहतुकीचा धंदा 387.7 ला, हवाई दलं 358.4 ला आणि अपघात व सुरक्षितता 363.124 च्या आसपास. एकाच कप्प्यावर विसंबलात तर निम्मी पुस्तकं नजरेलाही पडणार नाहीत. ग्रंथपालांना ‘विमानांची पुस्तकं कुठे आहेत?’ असं विचारण्यापेक्षा लिहिलेला प्रश्नच वाचून दाखवा.

चार-पाच पुस्तकं हाताशी आली की ती मागून उघडा. तळटीपा किंवा टिपा आहेत का, संदर्भसूची आहे का, आणि विषयसूची कशी आहे? तुमच्या प्रश्नातले तीन शब्द त्या सूचीत शोधा. एकही सापडला नाही, तर पुस्तक परत कप्प्यात. संदर्भच दिलेले नसतील तर लेखक कितीही रसाळ लिहीत असो, ते पुस्तक गाडीत वाचायला न्या, निबंधात नको.

यानंतरची पायरी माझी सगळ्यात आवडती: पुस्तकाची परीक्षा घ्या. तंत्रावरचं पुस्तक असेल तर पंखाला वर उचलणारं बल, म्हणजे लिफ्ट, जिथे समजावलीय ते पान काढा. ‘पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेला मागच्या कडेला गाठायचं म्हणून ती वेगाने धावते’ असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. हवेच्या त्या दोन प्रवाहांनी एकाच वेळी पोचावं असा कुठलाही नियम नाही. वरची हवा उलट आधीच पोचते. शिवाय विमान उलटं होऊनही उडू शकतं, ते या हिशेबात कसं बसवणार? ही चूक इतक्या पुस्तकांत आहे की चाळणी म्हणून छान चालते.

इतिहासाच्या पुस्तकासाठी कॉमेटचं पान काढा. या जातीची दोन जेट प्रवासी विमानं 1954 मध्ये जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ समुद्रात कोसळली. ‘प्रवाशांच्या चौकोनी खिडक्यांमुळे फुटली’ हे वाक्य ठिकठिकाणी भेटतं. मूळ कारण धातूचा थकवा, म्हणजे पुन्हापुन्हा ताण बसून धातू कमकुवत होणं, आणि विमानाच्या शरीरात कापलेल्या छिद्रांच्या कोपऱ्यांवर साचणारा ताण, हे खरं. पण एल्बाजवळच्या अवशेषांत चीर सुरू झाली होती ती छतावर, रेडिओ अँटेनासाठी कापलेल्या खिडकीपाशी. लेखकाने चौकशीचा अहवाल स्वतः पाहिलाय की ऐकीव गोष्ट पुढे ढकललीय, ते या एका परिच्छेदात कळतं.

प्रकाशनाचं वर्ष पाहाच. राइट बंधूंच्या 17 डिसेंबर 1903 च्या, 12 सेकंदांच्या पहिल्या उड्डाणावरचं पन्नास वर्षं जुनं पुस्तक आजही चालेल. उड्डाण सुरक्षिततेवरचं 2017 चं पुस्तक मात्र एकटं चालणार नाही. बोइंगच्या 737 मॅक्स विमानांचे दोन अपघात ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 मधले आहेत, त्यांत 346 जण गेले. आणि पुनर्मुद्रणाला नवी आवृत्ती समजू नका. पानं तीच असतात.

लिहिणारा कुठे उभा राहून लिहितोय, हेही बघा. वैमानिकाचं आत्मचरित्र त्या कॉकपिटमध्ये काय वाटलं यासाठी अमोल, अपघाताच्या कारणासाठी अपुरं. कंपनीनेच काढलेल्या कंपनीच्या इतिहासात कंपनी फारशी चुकत नाही. मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख लँगली यांचं विमान 1903 मध्ये दोनदा उड्डाणात फसलं, तरी ‘उडण्यास समर्थ असं पहिलं विमान’ म्हणून संस्थेने ते मिरवलं. 1914 मध्ये ते बदल करून उडवलं गेलं होतं, त्याचा आधार घेऊन. राइट बंधूंपैकी मागे राहिलेल्या ऑर्विलने चिडून आपलं मूळ विमान 1928 मध्ये लंडनच्या संग्रहालयात धाडलं. संस्थेने 1942 मध्ये चूक कबूल केली आणि विमान 1948 मध्ये, ऑर्विलच्या मृत्यूनंतर, परतलं. त्या काळातलं, ‘पहिलं कोण’ यावरचं पुस्तक हाती आलं तर वर्ष आणि प्रकाशक दोन्ही टिपून ठेवा.

शेवटी दोन पुस्तकं उरली आणि निवड होईना, तर मूळ कागदपत्रांपर्यंत नेणारं घ्या. टेनेरिफवर स्पेनचा अधिकृत अहवाल आहे आणि त्याच्याशी काही बाबतींत असहमत असणारी नेदरलँड्सची टिप्पणीही. एकाचाच आधार घेणारं पुस्तक आणि दोन्ही समोर ठेवून मग आपलं मत देणारं पुस्तक, यात दुसरं उचला. नोंदवून घ्यायच्या आधी त्यातलं एक प्रकरण तिथेच बसून वाचा, आणि पहिल्याच टिपणावर आवृत्ती, वर्ष नि पान क्रमांक लिहा. निबंध द्यायच्या आदल्या रात्री नेमकं ते पुस्तक दुसऱ्या कुणीतरी नेलेलं असतं.