बेसमेंटमधल्या केगरेटरचा फेस कसा आटोक्यात आला

न्यू जर्सीत घरी सेकंडहँड केगरेटर (म्हणजे बिअरचं पिंप, केग, आत गार ठेवून वरच्या नळाने बिअर देणारा फ्रिज) आणला तेव्हा बायको म्हणाली, आण अजून एक डबडं घरात. पहिल्याच शनिवारी मंडळी जमली आणि नळातून बिअर कमी, फेसच जास्त, पाऊण ग्लास नुसता पांढरा! मी आपला हुशारी करून बिअर ढकलणाऱ्या सीओटू गॅसचं प्रेशर १२ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) थेट ६ वर आणलं. दोन दिवसांनी पाइपात बुडबुडेच बुडबुडे, कारण प्रेशर कमी पडलं की बिअरमधला गॅस वाटेतच बाहेर पडतो, म्हणजे झालं उलटंच.

डिस्प्लेवर ३८ फॅरनहाइट दिसत होतं, पण तो सेन्सर आतली हवा मोजतो, बिअर नाही. पाण्याने भरलेला ग्लास रात्रभर आत ठेवला आणि सकाळी किचनमधलं थर्मामीटर बुडवलं तर ४४! सेटिंग खाली आणलं आणि केग नीट गार व्हायला अख्खा दिवस दिला (इथे घाई केली की परत फेस).

तरी पहिला ग्लास फेसाळ, दुसरा मस्त, हे काय कळेना. टॉवरला, म्हणजे नळ बसवलेल्या वरच्या खांबाला, हात लावला तर कोमट! वरच्या पाइपात अडकलेली बिअर तापत होती. मग जुन्या कम्प्युटरचा छोटा फॅन काढला, त्याला नळी लावून आतली गार हवा टॉवरमध्ये सोडली, प्रेशर परत १२ केलं, आणि ४ फुटी पाइप काढून तेवढ्याच जाडीचा, ३/१६ इंची, १० फुटी घातला (लांब पाइपातून बिअर हळू येते, फेस कमी), त्याची गुंडाळी केगवरच ठेवलीये.

आता बोटभर फेस येतो, तेवढा हवाच. फॅन जरा घरघरतो, त्याचं बघतोय.