वादळात लोळलेला मका कसा काढावा

वादळ ओसरलं की हात आधी आडवी ताटं उभी करायला धावतात. ते करू नका. ओढाताणीत उरलीसुरली मुळं तुटतात. तुरा येण्याआधीचं पीक काही दिवसांत आपोआप मान वर काढतं. दाणे भरलेलं पीक मात्र आडवंच राहणार, ते तसंच काढायचं.

वावरात शिरण्याआधी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नीट पाहून घ्या. विजेची तार पिकात पडली असेल तर लांबच राहा आणि १९१२ वर कळवा. पंचनामा हवा असेल तर एकही कणीस तोडण्याआधी तलाठ्याला कळवा आणि फोटो काढून ठेवा.

आता ताटं तपासा. मुळासकट कलंडलेलं ताट हिरवं असेल तर दाणा अजून भरतोय. कणसाच्या खाली मोडलेल्या ताटाचं तसं नाही. वरचा पुरवठा तुटला, दाणा आहे तिथेच थांबला. कणसाच्या मधल्या भागातला दाणा उपटून त्याचं कणसात रुतलेलं टोक नखाने खरवडा. काळा थर दिसला तर दाणा पक्व झाला. त्या वेळी ओलावा साधारण ३० ते ३५ टक्के असतो, आणि पुढे थांबून वजन वाढत नाही.

काढणीचा क्रम यावरूनच ठरतो: आधी मातीला टेकलेली कणसं, मग मोडलेली ताटं, शेवटी कलंडलेली पण जिवंत. टेकलेली कणसं दोन-तीन दिवस ओली राहिली की दाण्यांना कोंब फुटतात आणि बुरशी धरते. एका टोकाकडून सरसकट काढत जाणं सोयीचं वाटतं, पण तोवर दुसऱ्या टोकाचा माल खराब होतो.

काळ्या जमिनीत वाफसा येईपर्यंत, म्हणजे जमीन पुरेशी सुकेपर्यंत, हार्वेस्टर घालू नका. यंत्र चालवायचं तर ताटं जिकडे झुकली आहेत त्याच्या उलट दिशेने, ताशी ३-४ किमी वेगाने. परतीची फेरी रिकामी. डिझेल जास्त जातं, पण कणसं मागे राहत नाहीत. हेडरची (यंत्राच्या पुढच्या, पीक आत घेणाऱ्या भागाची) टोकं जमिनीला जेमतेम लागतील इतकी खाली ठेवा. त्याहून खाली गेली की दगड-ढेकळं आत येतात. ताटं अडकली तर इंजिन पूर्ण बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही.

अर्ध्याहून जास्त पीक गुंतून पडलं असेल तर मजुरांनी हाताने तोडणंच बरं. गमबूट घाला आणि पुढची ताटं काठीने हलवत जा. पडलेल्या पिकाखाली घोणस असू शकते. रामटेक, पारशिवनीसारख्या जंगलालगतच्या भागात रानडुकरंही अशा पिकात शिरतात, म्हणून तोडलेली कणसं रात्री वावरात ठेवू नका.

काढणी नीट चालली आहे का हे मोजून पाहा. ६० सेंमी अंतराच्या ओळीत १७ मीटरमागे एक चांगलं कणीस राहिलं तर एकरी सुमारे अर्धा क्विंटल दाणा वावरातच गेला.

काढलेल्या कणसांचे तिथेच दोन ढीग करा: स्वच्छ आणि मातीला लागलेली. हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर ते कणीस माणसालाही नको, जनावरालाही नको; त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. ओल्या मक्याची मळणी घाईने केली तर दाणा फुटतो, आणि फुटक्या दाण्यात बुरशी लवकर शिरते. आधी कणसं वाळवा, मग मळणी. दाणे ताडपत्रीवर ५ सेंमी थरात पसरा आणि दिवसातून तीन-चार वेळा हलवा.

ओलावामापक नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश दाणे आणि दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ घ्या. मिनिटभर हलवा, पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा. हमीभावाच्या खरेदीत १४ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. २५ टक्क्यांचा १०० किलो मका १४ टक्क्यांवर आणला की साधारण ८७ किलो भरतो; नागपूरच्या कळमना बाजारात नेण्याआधी हिशेब याच आकड्यावर करा.

हिरवी, चिखल न लागलेली ताटं मुरघासाला (मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याला) चालतात. माखलेली मात्र बारीक करून वावरातच गाडा; चिखलाने मुरघास सडतो.