मलप्रभेच्या रानात कुत्र्याला घेऊन चालताना

कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा हब्बनहट्टी, असोगा या बाजूने बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात वाहते. काठाला गर्द झाडी आहे, कुत्र्याला चालायला छान जागा. मात्र इथे दोरी सोडायची नाही. कुत्रं कितीही शहाणं असलं तरी नाही.

आधी वाट ठरवा. 2011 साली भीमगड अभयारण्य घोषित झालं, त्याच्या हद्दीत कुत्रा न्यायचा नाही. तिथल्या कोळसुंद्यांना, म्हणजे रानकुत्र्यांना, आपल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) आणि रेबीजची लागण होऊ शकते. हद्द कुठे आहे ते वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्या. गावाजवळची, गुरं जातात ती नदीकाठची वाट बरी. जून ते सप्टेंबर नदीकडे फिरकूच नका. घाटावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ. अस्वल आणि बिबट्या पहाटे, तिन्हीसांजेला फिरतात, म्हणून चांगलं उजाडल्यावर, साडेसातच्या सुमारास निघा आणि ऊन तापायच्या आत, दहापर्यंत परत या.

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला. दोरी दीड-दोन मीटरची, साधी. आपोआप लांबणारी दोरी झुडपात अडकते. वीस किलोच्या कुत्र्याला दोन-अडीच तासांसाठी एक लिटर पाणी घ्या आणि दर वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका असतो. लेप्टो आणि रेबीजच्या लसी चालू आहेत ना, तेही पाहून घ्या. पोटभर खाणं निघण्याआधी दोन-तीन तास. नदी ओलांडायची तर पाणी कुत्र्याच्या पोटाखाली असेल तिथेच, आणि दोरी मनगटाला गुंडाळू नका.

दोरीचा आग्रह मुख्यतः शिकारीच्या फाशांमुळे. रानडुकरासाठी कुंपणाच्या फटीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर क्लच वायरचा फास लावलेला असतो. पालापाचोळ्यात तो दिसत नाही, आणि कुत्रं नेमकं त्याच फटीतून घुसतं. अडकल्यावर ते घाबरून मागे ओढतं आणि वायर आवळत जाते. अशा वेळी कुत्र्याला ओढू नका. वायर ज्या खुंटीला बांधली आहे तिच्याकडे त्याला पुढे न्या, म्हणजे फास सैल पडेल. तोंडावर कापड टाका, कारण दुखण्याच्या भरात घरचं कुत्रंही चावतं. मग वायर कापा. साधी कात्री चालत नाही, कटर असलेली पक्कड पिशवीत हवीच. जखम नसली तरी डॉक्टरला दाखवा, आवळलेल्या भागाची सूज नंतर वाढते. डुकरांसाठी पिठात किंवा मांसात गुंडाळून ठेवलेले गावठी बॉम्बही असतात. म्हणून वाटेत पडलेलं काहीही तोंडात घेऊ द्यायचं नाही. ‘सोड’ हा शब्द घरीच पक्का करून घ्या.

साप चावला तर ब्लेड नको, आवळून बांधणं नको. कुत्र्याला उचलून थेट दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष मिळतं. चापड्यावर (झाडाझुडपांत राहणारा विषारी साप) ते चालत नाही, तरी उपचार लागतातच. कोणत्या दवाखान्यात प्रतिविष आहे हे निघण्याआधी फोन करून विचारा.

कुत्रं धापा टाकत अडखळलं, हिरड्या लालभडक झाल्या तर तिथेच थांबा. सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडे न्या.

गोचिडांची गोळी डॉक्टरला वजन सांगून निघण्याच्या काही दिवस आधी द्या, फिट येत असतील तर तेही सांगा. गोळीने गोचीड चावायची थांबत नाही, चावल्यावर मरते. म्हणून परतल्यावर बोटांच्या बेचक्या, कानांच्या घड्या, बगल, शेपटीची मुळी चाचपा. राईएवढी पिल्लंही असतात. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी नको. शेजारच्या सत्तरी (गोवा) आणि दोडामार्ग (सिंधुदुर्ग) तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण आढळलेत, तो गोचिडांमुळे माणसाला होतो. त्याचा जोर कोरड्या महिन्यांतच असतो, म्हणजे आपल्या फिरण्याच्याच दिवसांत. त्यामुळे स्वतःचे पाय आणि कपडेही झटका. मेलेलं माकड दिसलं तर माघारी फिरा आणि आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याला ताप आला, जेवण सुटलं किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर रानात नेलं होतं हे डॉक्टरला सांगून रक्त तपासून घ्या.