ड्रम फिरतो, पण कपडे ओलेच: अमेरिकेत ड्रायर दुरुस्तीला लागणाऱ्यांसाठी

आयटीआयला इलेक्ट्रिशियन करून इकडे आलेली बरीच मुलं घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत शिरतात. त्यांना पहिल्याच महिन्यात भेटणारी तक्रार म्हणजे ‘ड्रायर चालतो, पण गरम होत नाही’. आणि आपला तिकडचा हात नेमका इथेच चकतो.

आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट मिळाले की सप्लायचा विषय संपला. इथे घरात दोन ‘गरम’ म्हणजे लाइव्ह वायरी येतात. प्रत्येकीत न्यूट्रलशी १२०, एकमेकींत २४०. इलेक्ट्रिक ड्रायरची मोटर १२० वर फिरते, हीटरला मात्र पूर्ण २४० लागतात. म्हणजे ३० अँपिअरच्या जोड-ब्रेकरचा, मोटर ज्यावर नाही तो पोल गेला, तरी ड्रम मजेत फिरत राहतो.

यात एक गंमत आहे. मशीन चालू असताना मेलेली वायर न्यूट्रलशी मोजली, तर मीटर तिथेही १२० दाखवू शकतो, कारण हीटरच्या कॉइलमधून व्होल्टेज उलटं येतं. टेस्टरही पेटतो. म्हणून दोन गरम वायरी एकमेकींशीच मोजा. शून्याच्या आसपास आकडा आला, तर ड्रायर उघडूच नका. ब्रेकर आणि सॉकेट बघा.

२४० नीट असतील तर आधी बाहेरच्या भिंतीवरच्या झडपेपाशी हात धरा. हवा जोरात येत नसेल तर डक्टमध्ये (ड्रायरची हवा बाहेर नेणाऱ्या नळीत) लिंट, म्हणजे कपड्यांचा भुसा, तुंबलंय. (सेटिंग ‘एअर फ्लफ’वर नाही ना, तेही बघून घ्या. त्यात हीटर लागतच नाही.)

मग प्लग काढून कंटिन्युइटी, म्हणजे आतला मार्ग कुठे तुटलाय का ते मीटरने बघा. थर्मल फ्यूज (फार तापलं की उडणारा) एकदा उडाला की परत जुळत नाही, बदलावाच लागतो. काही मॉडेलांत तो उडाला की मोटरही थांबते, काहींत फक्त हीट जाते. पण कोंडलेली हवा मोकळी न करता नवा फ्यूज घातलात, तर गिऱ्हाईक लवकरच परत फोन करणार, आणि तेव्हा पैसे मागायची सोय नाही. हीटरची कॉइल तुटली असेल तर मीटर ओपन, म्हणजे मार्ग तुटलेला, दाखवतो. धड कॉइल साधारण १० ओहमच्या आसपास असते.

गॅसच्या ड्रायरला हा २४० चा हिशोब लागू नाही. इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) लालभडक होऊन विझला आणि ज्योत लागलीच नाही, तर संशय गॅस व्हॉल्व्हवरच्या कॉइलींवर घ्या. लालच होत नसेल, तर आधी इग्नायटर आणि थर्मल फ्यूज तपासा.