कोविडच्या वस्तू डब्यात ठेवताना

२०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर दाखवलेला आरटीपीसीआर रिपोर्ट अजून कपाटात असेल, तर आधी त्याची स्टेपलरची पिन काढा. गंजली की कागद खाते. औषध दुकानातल्या गुळगुळीत पावतीवरची अक्षरं उडतातच, तिची आजच झेरॉक्स काढा. आईने जुन्या इरकलीचा शिवलेला मास्क सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. सोबत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: कुणी शिवला, कधी, साडी कुणाची. चिठ्ठी नसेल तर मास्क म्हणजे नुसती चिंधी.

घरच्यांचं त्या दिवसांबद्दलचं बोलणं रेकॉर्ड करताना पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. "आत्या, लॉकडाऊन कसा गेला?" विचारलंत तर "गेला बाबा कसातरी" एवढंच मिळेल. "निपाणीहून कागलला लेकीकडे कशी गेलीस गं?" असं विचारा, मग ती थांबायची नाही. मधे कन्नड आलं तर तसंच राहू द्या.