अंतरपाट सरकला आणि फ्लॅश पेटलाच नाही

गुरुजींचं शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या आणि मी शटर दाबलं. फ्रेम काळपट. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फ्लॅश पेटला, पण नवरीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं होतं ते आधीच्या दोन फ्रेममध्ये, अंधारात. स्वतःच्या नावावर घेतलेली ती माझी दुसरीच ऑर्डर होती. लग्नाच्या फोटोग्राफीत येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी रेडिओ ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश रेडिओवरून पेटवणारं यंत्र, समजून घ्यायला सांगते, ते त्या दिवसामुळे.

मुळात फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवायचाच कशाला? मी मामांच्या स्टुडिओत शिकले. फ्लॅश कॅमेऱ्यावर असला की उजेड लेन्सच्याच दिशेने जातो. चेहरा सपाट दिसतो, कपाळावरचा घाम चमकतो, मागच्या पडद्यावर काळी सावली पडते. तोच फ्लॅश स्टँडवर, उजेड मऊ करणाऱ्या छत्रीसह तिरका, डोक्यापेक्षा थोडा वर ठेवला की नथीचे मोती सुटे दिसतात, पैठणीची जर उठून येते. मामा म्हणायचे, “उजेड बाजूने येऊ दे गं, तेव्हाच सोनं सोन्यासारखं दिसतं.”

उतरवलेल्या फ्लॅशला ‘आता पेट’ असं सांगायचं काम ट्रिगरचं. कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, ट्रान्समीटर बसतो. रिसीव्हर आजकाल बहुतेक फ्लॅशच्या आतच असतो, जुन्या फ्लॅशला वेगळा जोडावा लागतो. शटर पूर्ण उघडलं की ट्रान्समीटर रेडिओवरून निरोप पाठवतो. निरोपात चॅनल आणि ग्रुप (फ्लॅशचा गट) असतो आणि ज्याचा चॅनल जुळतो तोच फ्लॅश ऐकतो. फ्लॅशमध्ये ऑप्टिकल स्लेव्हची सोयही असते, म्हणजे दुसरा फ्लॅश दिसला की हा पेटतो. घरी सरावाला ती चालेल, पण लग्नात कुणा पाहुण्याच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला तरी तुमचा पेटणार. तिथे रेडिओच हवा.

आता त्या दिवशी काय झालं ते. मुलाकडच्या फोटोग्राफरकडे माझ्याच कंपनीचा ट्रिगर होता आणि दोघांचाही चॅनल १. दुकानातून आणल्यापासून मी तो बदललाच नव्हता. ते फोटो काढत होते आणि माझे फ्लॅश पेटत होते, तेही पूर्ण पॉवरवर. एकदा पूर्ण पेटला की सेलवरच्या फ्लॅशला पुन्हा भरायला काही सेकंद लागतात. मी बटण दाबलं तेव्हा तो रिकामा होता. मी आधी सेलना दोष दिला, मग ट्रिगरला. चूक माझी होती.

गोडॉक्स या फ्लॅशच्या कंपनीच्या रेडिओ पद्धतीत ३२ चॅनल आहेत, नव्या ट्रान्समीटरवर त्याशिवाय १ ते ९९ असा आयडीही लावता येतो. आयडी ट्रान्समीटरवर आणि प्रत्येक फ्लॅशवर एकसारखा लावा, एक जरी राहिला तरी तो गप्प बसतो. कार्यालयात पोचल्यावर मी बॅग उघडण्याआधी दुसऱ्या बाजूच्या फोटोग्राफरला शोधते आणि विचारते, “दादा, तुमचा चॅनल कुठला?” आजवर कुणालाही याचा राग आलेला नाही.

बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात, त्यामुळे गच्च भरलेल्या हॉलमध्ये गर्दी हवेतही असते. शिवाय हे तरंग पाणी शोषून घेतं आणि माणसाच्या शरीरात पाणीच जास्त. मंगलाष्टकांनंतर सगळे नातेवाईक स्टेजवर चढले की फ्लॅश मधूनच दगा देतो, त्याचं एक कारण हे. त्यावर साधा उपाय म्हणजे स्टँड सात-आठ फूट उंच करा. फ्लॅश डोक्यांच्या वर गेला की त्यातला रिसीव्हरही वर जातो. आणि पायाशी वाळूची पिशवी हवीच. मुलं स्टेजभोवती पळत असतात, स्टँड कुणाच्या अंगावर पडला तर फोटोचं काय घेऊन बसलात!

परदेशातल्या नातेवाइकांकडून ट्रिगर मागवणार असाल तर थांबा. पॉकेटविझार्ड या ट्रिगरच्या कंपनीचे अमेरिकेसाठीचे जुने संच ३४० ते ३५४ मेगाहर्ट्झवर चालतात, युरोपसाठीचे ४३३ च्या आसपास. एक न्यू जर्सीहून आणि दुसरा लंडनहून आला, तर दोघं एकमेकांचं ऐकणार नाहीत.

नवखे हमखास अडकतात ते सिंक स्पीडवर, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या शटरच्या कमाल वेगावर. शटरला दोन पडदे असतात. साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा असतो. त्याहून वेगाने गेलात तर पडद्यांमधली फक्त फट सरकते, फ्लॅश तेवढ्याच भागावर पडतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. स्वस्त ट्रिगरला निरोप पोचवायला किंचित उशीर होतो, त्यामुळे माझ्या पहिल्या जोडीवर मी १/१६० च्या वर जातच नसे. हाय स्पीड सिंकने, म्हणजे फट सरकेपर्यंत फ्लॅश भराभर पेटत राहतो त्या सोयीने, हा अडसर दूर होतो, पण उजेड बराच कमी पडतो. दुपारच्या उन्हातल्या वरातीत एका छोट्या फ्लॅशकडून त्याची फार अपेक्षा ठेवू नका.

स्टेजवर मी फ्लॅश मॅन्युअलवरच ठेवते, म्हणजे पॉवर मीच ठरवते. स्टँड आणि जोडपं यांच्यातलं अंतर बदलत नाही, मग उजेड तरी का बदलावा? टीटीएलमध्ये कॅमेरा लेन्समधून आलेला उजेड मोजून पॉवर स्वतः ठरवतो; त्याला नवऱ्याचा पांढरा पोशाख दिसला की तो उजेड कमी करतो, काळा कोट दिसला की वाढवतो. वरातीत मात्र अंतर सतत बदलतं, तिथे टीटीएल घ्या. पॉवर १/४ किंवा १/८ वर ठेवून आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवला तर फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून पॉवर वाढवण्याआधी स्टँड जवळ घेता येतो का ते बघा.

मुहूर्ताची वाट पाहताना फ्लॅश झोपी जातो. फ्लॅशची ही आपोआप झोपायची सेटिंग (स्लीप) बंद करा, आणि मंगलाष्टकं सुरू झाली की ट्रान्समीटरचं टेस्ट बटण एकदा दाबून बघा. सेल रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, आदल्या रात्री भरून ठेवा, ट्रान्समीटरसाठी वेगळी जोडी खिशात ठेवा.

मामांच्या कपाटातला एक जुना फ्लॅश मी अजून वापरते, पण त्याची माहितीपुस्तिका वाचूनच. काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगर पिनवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. असा फ्लॅश आजच्या कॅमेऱ्याच्या हॉट शूवर कधीही लावू नका, आणि रिसीव्हरला जोडण्याआधी तो किती व्होल्ट सोसतो ते बघा.

सुरुवातीला एक फ्लॅश, एक ट्रान्समीटर, एक स्टँड आणि एक पांढरी छत्री एवढंच घ्या. घरी पितळी समई टेबलावर ठेवा आणि फ्लॅश तिच्याभोवती फिरवत रोज फोटो काढा. दुसरा फ्लॅश एक अख्खा सीझन काढल्यावर.